फर्माची सहावी संख्या

श्रोतेहो, आज मी आपणांस एका संख्येची हकीकत सांगणार आहें. ज्यांच्या हाताशीं कागद व पेन्सिल असेल त्यांनीं ती जवळ घ्यावी. नसेल त्यांचेंहि कांहीं अडणार नाहीं. संख्या अशी आहे: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्त्याण्णव. आंकड्यांत लिहावयाची तर ४,२९,४९,६७,२९७. संख्या मोठी आहे, पण भिण्याचें कारण नाहीं. वाण्याच्या दुकानांतील मुलालाहि ती हाताळतां येते. हें मी सहज बोलत नाहीं, याचा उलगडा पुढें होईल.

प्रथम तिचें कुळ पाहूं. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण लहानपणीं ऐकली असेल. पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें प्रत्येक घरांत मागच्याच्या दुप्पट दाणे मागणारा तो चतुर पुरुष, आणि प्रथम हंसून मग कपाळाला हात लावणारा तो राजा. ती गोष्ट नेहमीं चौसष्ट घरांची सांगतात. आपण अर्ध्या पटावरच थांबूं. पहिल्या बत्तीस घरांतील सर्व दाणे एकत्र केले तर ते ४,२९,४९,६७,२९५ भरतात. त्यांत आणखी दोन दाणे टाकले कीं आपली संख्या झाली.

दुसरा मार्ग याहून जवळचा आहे. दोन घ्या. दोनचा वर्ग चार. चारचा वर्ग सोळा. सोळाचा २५६. दोनशें छप्पनचा ६५,५३६. आणि त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. केवळ पांच वेळां वर्ग केला आणि दोनचा बत्तिसावा घात हातीं आला. दोननें एकतीस वेळां गुणीत बसावें लागलें नाहीं. ही युक्ति आपल्याकडे फार जुनी आहे. लघु-गुरूंच्या मांडणीनें वृत्ताचे प्रकार किती होतात हें काढण्यासाठीं पिंगलाच्या छंदःशास्त्रांत दोनचा घात असाच वर्ग करीत काढावयास सांगितला आहे. आतां या ओळींतील प्रत्येक संख्येंत, आरंभीच्या दोहोंतसुद्धां, एक मिळवा. मिळणाऱ्या संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि सहावी आमची, ४,२९,४९,६७,२९७. या कुळाला फर्माच्या संख्या असें म्हणतात.

मूळ संख्या कोणती, हें आपण शाळेंत शिकलां आहांच. एक आणि ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें जिला निःशेष भाग जात नाहीं ती मूळ, बाकीच्या संयुक्त. ३, ५ व १७ मूळ आहेत हें तोंडीं कळतें. २५७ ला तेरापर्यंतच्या सहा मूळ संख्या लावून पाहिल्या कीं पुरे, कारण सतराचा वर्ग तिच्याहून मोठा आहे. ६५,५३७ ला श्रम अधिक पडतात. २५६ च्या खालच्या चौपन्न मूळ संख्यांनीं एकेक भागाकार करून पहावा लागतो, पण अखेर तीहि मूळच ठरते. म्हणजे या कुळांतील पहिल्या पांचही जणी मूळ. मग सहावी?

पीएर द फर्मा हा सतराव्या शतकांतला फ्रेंच गृहस्थ. धंद्यानें कायद्याचा माणूस, तूलूझ येथील वरिष्ठ न्यायसभेचा सभासद. गणित हा त्याचा फावल्या वेळचा व्यासंग. पण त्या फावल्या वेळांत त्यानें जें केलें तें पुष्कळांना सगळ्या आयुष्यांत साधलें नाहीं. १६४० सालीं आपला मित्र फ्रेनिक्ल यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें कळविलें कीं, या रीतीनें मिळणाऱ्या सर्व संख्या मूळ असाव्यात अशी आपली खात्री झाली आहे. मात्र पूर्ण सिद्धता आपल्याजवळ नाहीं. ही शेवटची कबुली त्याला शोभणारी होती. दुर्दैव असें कीं, मोठ्या माणसाचें मत पुढें जातें आणि त्याची शंका मागें रहाते.

आतां मला स्वतःविषयीं थोडें बोलावें लागत आहे. विषयाशीं त्याचा संबंध नसता तर बोललों नसतों. मी मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. शिक्षकीचा अभ्यासक्रम पुरा करून एका लहान गांवच्या शाळेंत लागलों, आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचें जें गणित मला येत होतें तें जुन्या पुस्तकांवरून, आपलें आपण वाचून आलेलें. अशाच एका पुठ्ठा निखळलेल्या पुस्तकांत फर्माच्या या संख्यांचा उल्लेख होता, आणि त्या सर्व मूळ असतात असें त्यांत निःशंकपणें छापलें होतें. मला तें फार आवडलें. दरवर्षीं सातवीच्या वर्गांत, मूळ संख्यांची चाळणी शिकवून झाल्यावर, मी या सहा संख्या फळ्यावर लिहीत असें आणि सहावीखालीं दोन रेघा ओढून म्हणत असें, ‘हीसुद्धां मूळच.’ मुलें डोळे मोठे करून पहात. शिक्षकाला तेवढें पुरतें.

एके वर्षीं हा तास दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशीं आला. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हां एक मुलगा तासानंतर टेबलाशीं येऊन उभा राहिला. वाणसामानाचें दुकान असलेल्या घरचा. अंगानें बारीक, अक्षर किरटें. त्याच्या हातांत दोन्ही बाजूंनीं लिहिलेले चार ताव होते. तो म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही सांगितलेली शेवटली संख्या मूळ नाहीं. तिला सहाशें एकेचाळीसनें भाग जातो.’

मीं हंसून म्हटलें, ‘अरे, हें सांगणारा फर्मा केवढा गणिती! तूं कोठें तरी हातचा चुकला असशील.’

‘गुरुजी, दोनदां करून पाहिलें.’

‘मग दोनदां चुकलास.’

वर्गांत रेंगाळणारीं मुलें मोठ्यानें हंसलीं. त्यानें ताव टेबलावर ठेवले, आणि मीं ते त्या जुन्या पुस्तकांत सारले. भागाकार फार तर तीन मिनिटांचा होता. मीं तो केला नाहीं.

ज्यांनीं पेन्सिल घेतली आहे त्यांनीं तो आतां करावा. ६४१ नें भागावयाचें. पहिले चार आंकडे ४२९४. त्यांत ६४१ सहा वेळां जातात, बाकी ४४८. पुढचा नऊ खालीं घेतला, ४४८९ झाले. सात वेळां गेले, आणि बाकी उरली फक्त दोन. सहा उतरविला, २६. भाग जात नाहीं, शून्य. सात उतरविला, २६७, पुन्हां शून्य. दोन उतरविला, २६७२. चार वेळां, बाकी १०८. नऊ उतरविला, १०८९. एकदां, आणि बाकी पुन्हां तीच ४४८. आतां शेवटचा आंकडा सात. ४४८७ झाले. मघाशीं ४४८९ मध्यें सात वेळां जाऊन दोन उरले होते. येथें सात वेळां जाऊन कांहींच उरत नाहीं. भागाकार ६७,००,४१७. मुलगा चुकला नव्हता. चूक फर्माची होती, माझ्या पुस्तकाची होती, आणि सर्वांत अधिक माझी होती.

मीं मुलाला फर्माचें नांव सांगून गप्प बसविलें, पण त्या फर्माला १७३२ सालींच उत्तर मिळालेलें होतें, आणि तें माझ्यापर्यंत पोंचलें नव्हतें. ती हकीकत अशी. गोल्डबाख नांवाच्या विद्वानानें १७२९ च्या डिसेंबरांत लेओनार्ड ऑयलर या तरुण गणितज्ञाला पत्र लिहून विचारलें कीं, फर्माचें हें विधान तुम्हांस ठाऊक आहे काय? ऑयलर तेव्हां रशियांत, सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापरिषदेंत होता. प्रथम त्यानें फारसें लक्ष दिलें नाहीं. गोल्डबाखनें पिच्छा सोडला नाहीं, तेव्हां तो फर्माचे ग्रंथ वाचूं लागला. तीन वर्षांच्या आंत, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्यानें जाहीर केलें कीं सहाव्या संख्येला ६४१ नें भाग जातो.

त्याला ६४१ सांपडले कसे? माझ्या विद्यार्थ्यानें चाळणीनें मूळ संख्यांची यादी केली होती आणि दोनपासून आरंभ करून एकेक लावून पाहिली होती. ६४१ ही यादींतली एकशें सोळावी. त्या चार तावांवर एकशें पंधरा बाक्या आणि एक शून्य आहे. दिवाळीच्या सुट्टींत, दुकानाची गर्दी संभाळून! ऑयलरनें मात्र अगोदर असें शोधून काढलें कीं, हिचा कोणताहि मूळ विभाजक चौसष्टच्या पटींत एक मिळवूनच येणार.

कारण समजण्यास कठीण नाहीं. एखाद्या मूळ संख्येनें आमच्या संख्येला भाग जात असेल, तर दोनचा बत्तिसावा घात त्या मूळ संख्येच्या पटीला बरोबर एकानें कमी पडतो. उणें एकाचा वर्ग अधिक एक. म्हणून दोनचा चौसष्टावा घात पटीहून एकानें अधिक होतो. दोनचे घात काढून त्या मूळ संख्येनें भागीत गेलें कीं बाक्यांचें एक चक्र फिरूं लागतें. येथें तें चौसष्ट पावलांनीं पुरें होतें, त्यापूर्वीं होत नाहीं. आणि अशा चक्राची लांबी मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जें उरतें त्याला निःशेष भागते, हा सिद्धांत आहे. गंमत अशी कीं हा सिद्धांत खुद्द फर्माचाच, आणि त्याच १६४० सालचा. हत्यार त्याच्याच घरांत टांगलेलें होतें.

तेव्हां पहावयाच्या संख्या राहिल्या ६५, १२९, १९३, २५७ अशा. त्यांतल्या मूळ तेवढ्या निवडल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पांचव्या घावाला लांकूड दुभंगलें. कोठें एकशें सोळा आणि कोठें पांच! तरीहि मला त्या एकशें सोळांचें मोल कमी वाटत नाहीं. संख्या खरोखर मूळ असती तर त्या पोराला ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या संपवाव्या लागल्या असत्या, आणि तें ठाऊक असूनहि तो बसला होता.

भागाकार न करतांहि ६४१ चें काम तोंडीं पटवितां येतें. मला तर तें एखाद्या सुबक दागिन्यासारखें वाटतें. ६४१ म्हणजे ६४० आणि एक. ६४० म्हणजे पांच गुणिले १२८, आणि १२८ हा दोनचा सातवा घात. म्हणजे पांच गुणिले दोनचा सातवा घात हा ६४१ ला एक कमी. याचा चौथा घात करा. उणें एक चार वेळां गुणल्यानें अधिक एक होतो. म्हणून पांचचा चौथा घात गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात यास ६४१ नें भागलें तर बाकी एक. आतां पांचचा चौथा घात ६२५; तो ६४१ ला सोळांनीं कमी, म्हणून त्याच्या जागीं उणें सोळा घेतले तरी बाकी बदलत नाहीं. सोळा हा दोनचा चौथा घात. अठ्ठाविसाव्याशीं गुणिला कीं बत्तिसावा. म्हणजे उणें दोनचा बत्तिसावा घात याची बाकी एक. दोन्ही एका बाजूस आणले कीं दोनचा बत्तिसावा घात अधिक एक, म्हणजे आमची संख्या, ६४१ च्या पटींत बसते.

या कुळाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. तीन गुणिले पांच पंधरा. ती पुढच्या सतराहून दोन कमी. पंधरा गुणिले सतरा २५५. पुढच्या २५७ हून दोन कमी. तो गुणाकार २५७ नें वाढवा, ६५,५३५. असेंच पांचहि मूळ संख्यांचा गुणाकार केला तर ४,२९,४९,६७,२९५ येतात, म्हणजे अर्ध्या पटावरचे तेच दाणे! १७९६ सालीं गाउस या अठरा वर्षांच्या जर्मन तरुणानें दाखविलें कीं सतरा समान भुजांची सुसम आकृति केवळ पट्टी व कंपास यांनीं काढतां येते, आणि या प्रश्नाची किल्ली फर्माच्या मूळ संख्यांत आहे. दोन हजार वर्षांत भूमितीला असा नवा बहुकोन मिळाला नव्हता. या रीतीनें काढतां येणाऱ्या विषम भुजांच्या आकृतींत आजवर ज्ञात असलेली सर्वांत मोठी आकृति ४,२९,४९,६७,२९५ भुजांचीच आहे. ती कागदावर काढूं गेल्यास वर्तुळ आणि ती यांत फरक दिसणार नाहीं, हें वेगळें. बत्तीस द्विमान अंकांच्या घरांत संगणकाला मांडतां येणारी सर्वांत मोठी संख्याहि हीच.

सहावीनंतरच्या संख्यांचें काय? सातवी म्हणजे संपूर्ण पटावरचे दाणे अधिक दोन; वीस अंकांची संख्या. ती १८८० सालीं लांद्री नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें फोडली. लहान अवयव २,७४,१७७. आठवीसाठीं १९७० साल उजाडावें लागलें, आणि गणकयंत्रहि लागलें. बत्तीस वेळां वर्ग करून मिळणाऱ्या संख्येपर्यंत मधल्या सगळ्या संयुक्त आहेत असें आतां सिद्ध झालें आहे. पहिल्या पांचांनंतर सहावी मूळ कोणालाहि सांपडलेली नाहीं. कांहींचें तर असें आहे कीं त्या संयुक्त असल्याचें ठाऊक आहे आणि अवयव एकहि ठाऊक नाहीं. पेपँ या गणितज्ञानें १८७७ सालीं दिलेल्या कसोटीनें अवयव न शोधतां निर्णय होतो. वीस वेळां वर्ग करून जी तीन लक्षांहून अधिक अंकांची संख्या येते ती अशांपैकींच.

सेवानिवृत्त झाल्यावर ग्रंथालयांतून आणलेल्या एका पुस्तकांत मीं ऑयलरची ही हकीकत प्रथम वाचली. ६४१ हा आंकडा दिसतांच पुस्तक मिटलें आणि माळ्यावरची पेटी खालीं काढविली. तें पुठ्ठा निखळलेलें पुस्तक होतें, आणि त्यांत ते ताव होते. घड्यांवर पिवळे पडलेले. शेवटच्या तावाच्या तळाशीं त्यानें भागाकार दोनदां केला होता. दुसऱ्यांदा शाई वेगळी होती.

त्याचा पत्ता मिळविण्यास दोन आठवडे लागले. तो त्याच गांवीं आहे, दुकान आतां त्याचें आहे. दूरध्वनीवर मीं माझें नांव सांगितलें, आणि दुसरें कांहीं न बोलतां म्हटलें, ‘सहाशें एकेचाळीसनें भाग जातो. तुझें बरोबर होतें, माझें चुकलें.’ बराच वेळ तिकडून गिऱ्हाइकांचा आवाज तेवढा येत होता. मग तो म्हणाला, ‘गुरुजी, त्या दिवशीं मला आणखी एक विचारायचें होतें. तो जो भागाकार आला, सदुसष्ट लक्ष चारशें सतरा, तो तरी मूळ आहे का?’

पुस्तकांत उत्तर होतें, पण मीं तें वाचून सांगितलें नाहीं. म्हटलें, करून कळवितों. त्या संख्येचें वर्गमूळ २,५८८ आणि कांहीं अधिक. तिचा जो विभाजक असेल तो मोठ्या संख्येचाहि विभाजक असणार, म्हणून चौसष्टच्या पटींत एक, हाच नियम येथेंहि लागू. २,५८८ पर्यंत अशा मूळ संख्या अकरा आहेत. १९३, २५७, ४४९ आणि ५७७ या चार त्यानें त्या सुट्टींतच लावून पाहिल्या होत्या. त्याच्या तावांवर त्यांच्या बाक्या मिळाल्या. उरल्या सात: पुन्हां एकदां ६४१, मग ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३. सातहि भागाकार मीं हातानें केले, प्रत्येक दोनदां. बाक्या आल्या ४४, १२०, ३३४, ८३२, ६२२, २३२ आणि शेवटची ९४. तो कागद मीं त्याच्या पत्त्यावर टपालानें पाठविला, आणि सोबत त्याचे चार ताव.